उभी, आडवी, निजलेली

४ मे

ताई,

पत्रिका मिळाली. कागद जाड आहे, छपाई देखणी आहे, आणि नोव्हेंबरात योगवर्गाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत हेही कळलं. अभिनंदन. आता एवढं सांग, पत्रिकेवर माझा फोटो छापायची परवानगी तुला कुणी दिली?

सकाळची फेरी संपवून मी पाकीट डेपोतच उघडलं. शेजारी बसलेला मेकॅनिक डोकावून म्हणाला, "बाई, ही तुम्हीच का? काय दिसत होतात. आणि हसू बघा." मी पत्रिका पालथी ठेवली. पुढची फेरी घेऊन निघाले तर पहिल्याच थांब्यावर बस फूटपाथला घासली. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

त्या फोटोत मी हसत नाहीये. ओरडायला तोंड उघडलंय. तू माझ्या मागे वीतभर अंतरावर होतीस, तुला वेगळं सांगायला नको.

तरी तुला माहीत असलेलंच सगळं लिहिणार आहे, कारण बत्तीस वर्षांत आपण दोघींनी ते एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा आपण पाहुण्यांची झोपायची सोय आणि गळका नळ यांवरच बोललो.

तर, हनुमानासन. एक पाय पुढे सरळ, एक मागे सरळ, दोन्ही जमिनीला टेकलेले, हात डोक्यावर. तिथवर पोचेपर्यंत बुडाखाली लाकडी वीट. आधी उभी, नऊ इंच. मग आडवी, सहा. मग निजलेली, तीन. कोण कुठवर आलंय ते हॉलच्या फळ्यावर ज्याच्या त्याच्या नावापुढे खडूने लिहिलेलं. निजलेलीवर महिना काढला की सरांचा तो लाडका सोहळा. पाहुण्यांसमोर बसायचं, हात वर करायचे, आणि मागे बसलेल्या मोठ्या मुलीने कुडत्याखाली हात घालून शेवटची वीट अलगद काढायची. मूल तीन इंच खाली येतं, जमिनीला टेकतं, टाळ्या.

सर म्हणजे आपलेच बाबा. पण हॉलमध्ये सर आणि घरी बाबा, असा नियम. सर रागावले तर बाबांकडे जाऊन रडायची सोय नव्हती.

माझी वीट तू काढलीस. सरांनी हनुवटी हलवली आणि तू काढलीस. माझ्या उजव्या मांडीमागचा स्नायू बसायच्या हाडापासून सुटला, आणि फोटोवाल्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं. सर सगळ्यांदेखत म्हणाले, "हिने मांडी सैल सोडली नाही," आणि विषय संपला. तेव्हापासून तो फोटो हॉलमध्ये टांगलाय आणि नव्या मुलांना सांगतात की चेहऱ्यावर असा आनंद हवा. मी सतरा वर्षांची होते. आज एकोणपन्नासची आहे आणि अजून उजव्या मांडीखाली टॉवेलची घडी घेऊन बस चालवते.

फोटो काढ. पत्रिकेवरचाही आणि भिंतीवरचाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत काढत बसावं लागतं. काय ते लिहून कळव.

— धाकटी

२१ मे

ताई,

तुझं उत्तर तीनदा वाचलं. आधी वाटलं कुणी दुसऱ्यानेच लिहिलंय, इतकं गोड आहे. आठशे पत्रिका छापून झाल्या, आता काही करता येणार नाही. सर ऐंशीचे झाले, त्यांचं मन मोडवत नाही. जुनी मढी कशाला उकरायची. आणि शेवटी, "तू तरी कधी काही शेवटपर्यंत नेलंस का?"

हे वाक्य लिहिताना पेन अडलं का गं तुझं? की पाणी पिऊन, चष्मा पुसून, शांतपणे लिहिलंस?

नेलं शेवटपर्यंत. सात महिने कुबड्या घेऊन चालले, ते नेलं. ज्या परीक्षकांनी "पाय असा असताना अवजड वाहन कसं चालवणार" विचारलं त्यांच्याकडून परवाना मिळवला, तेही नेलं. एक आसन राहिलं. ते का राहिलं, हे निदान तू तरी विचारू नयेस.

आणि त्याच पत्रात, खाली, जणू किरकोळ गोष्ट असावी तसं लिहितेस की या वेळी स्टेजवर चिमी बसणार. फोटोच्या बरोबर खाली. "मावशीची परंपरा." आणि शेवटची वीट तू काढणार.

ताई, स्वतःच्या लेकीच्या खाली हात घालताना तुला काहीच आठवणार नाही का? सतरा वर्षांची आहे ती. तिला वीट घेऊन बसू दे, हवं तर वर्षभर बसू दे. तिला कळेल ती कधी टेकणार ते. दुसऱ्याने कशाला खेचायची?

तू लिहितेस, "ही पद्धत आहे, आणि पन्नास वर्षांत एकच अपघात झाला." तो एक अपघात म्हणजे मी. गणितात तू पहिल्यापासून हुशार.

आणि ऐक. तू डिवचलंयस, आता मागे हटत नाही. त्या दिवशी गोंधळात ती वीट माझ्या पिशवीत आली होती. इतकी वर्षं मी ती दाराला अडसर म्हणून लावते. काल तिथून उचलली, पुसली आणि चटईवर ठेवली. मी ते आसन पुन्हा करणार आहे. एकटीने. मागे कुणालाही बसू न देता.

— धाकटी

१० जुलै

ताई,

फोटो अजून भिंतीवर आहे म्हणे. चिमीने सांगितलं.

हो, चिमी मला भेटते. गेल्या महिन्यात एकदा माझ्या बसमध्ये चढली, पुढच्या सीटवर बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत उतरलीच नाही. मी इंजिन बंद केल्यावर म्हणाली, "मावशी, तुझ्या फोटोखाली मी रोज बसते. तू मला ओळखलंच नाहीस ना?" मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता माझ्याहून उंच आहे. आता दर शनिवारी दुपारी माझी पाळी संपली की माझ्याकडे येते. तुला सांगितलं नाही म्हणून तिच्यावर ओरडू नकोस. तू ओरडतेस म्हणूनच सांगत नाही.

माझ्या सरावाचं सांगते. तुझ्या वर्गाच्या कामी येईल, घ्यायचं असेल तर.

डेपोच्या दवाखान्यात एक फिजिओ बाई आहेत. चाळिशीच्या, खडूस, हाताने दगड फोडतील अशा. त्यांना म्हटलं, मला हनुमानासन करायचंय. त्यांनी माझी मांडी दाबून पाहिली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हटलं, घरच्यांनी. त्यांनी डावी मांडीही दाबून पाहिली. मग म्हणाल्या, सहा आठवडे ताणायचं नावसुद्धा काढायचं नाही. आधी ताकद.

मला हसूच आलं. आपण लहानपणापासून काय ऐकलं? सोड. सैल सोड. अजून सोड. सरांच्या तोंडी दुसरा शब्द नव्हता. आणि ही बाई म्हणते, धर. पाठीवर झोपून एकाच टाचेवर कंबर उचलायची आणि धरायची. पायात मोजे घालून गुळगुळीत फरशीवर टाचा हळूहळू लांब सरकवायच्या, आणि मांडीमागच्या जोराने परत ओढून आणायच्या. पहिल्या दिवशी तीनदा जमलं, चौथ्यांदा पोटरीत गोळा आला आणि मी फरशीवर आडवी पडून सरांचा उद्धार केला. बसून बसून मांडीचा पुढचा भाग आखडलाय, त्यासाठी एक गुडघा टेकून रोज पाच मिनिटं. आणि विटेवर बसलं तरी वजन विटेवर टाकून द्यायचं नाही. दोन्ही पाय एकमेकांकडे ओढायचे, खालच्या चटईला सुरकुती पडेल इतके. बाई म्हणतात, स्नायूला भरवसा आला पाहिजे की त्याला कुणी पाडणार नाही. तोवर तो लांब होत नाही, आणि जबरदस्ती केली तर तुटतो. एवढी साधी गोष्ट, ताई. पन्नास वर्षं वर्ग चालवला आणि आपल्यापैकी एकालाही माहीत नव्हती.

आणि हो, कळवायला आनंद होतो की मी आडवीवर आले. दोन महिन्यांत. नोव्हेंबरात निजलेलीवर असेन. कोण काय शेवटपर्यंत नेतं ते बघ.

— धाकटी

६ सप्टेंबर

ताई,

थोडक्यात लिहिते. चिमीला स्टेजवर बसवू नकोस. निदान या वर्षी नको.

कारण विचारू नकोस. मी तिचा सराव पाहिलाय. तिला अजून वेळ लागेल.

— धाकटी

२४ सप्टेंबर

ताई,

"फळ्यावर निजलेली आहे. तीन इंचांचा प्रश्न आहे, आणि तू पोरीच्या मनात भीती भरवतेस. तुला तिचं कौतुक बघवत नाही." अस्संच लिहिलंयस. शाबास. पुढे, सरांनी पाहुण्यांना सांगून टाकलंय, नातीची वीट निघणार म्हणून. पुढे, मला वाईट वाटत असेल तर मी येऊ नये.

फळा. तुझ्या डोळ्यांनी कधी बघणार आहेस तू? हॉलमध्ये साठ मुलं बसतात आणि तू सरांसारखीच फळा वाचत फिरतेस. कुडत्याखाली काय आहे ते वाकून बघायला कंबर दुखते का?

हे वाक्य लिहून मी पत्र तीन दिवस तसंच ठेवलं. पुढचं लिहायला हात धजत नाही. आज एवढंच पाठवते.

— धाकटी

९ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र लिहिताना मला तुझाच राग येतोय. हे सगळं मला लिहायला लागावं अशी वेळ तू आणलीस.

चिमी निजलेलीवर नाही. आडवीवर आहे. गेल्या महिन्यात माझ्या खोलीत चटईवर बसून दाखवत होती. कुडतं खाली नीट पसरलं, हात वर केले, गोड हसली. मी मागे गेले आणि कुडतं वर केलं. आडवी वीट. तीन नाही, सहा इंच. आणि तीही मान वाकडी करून, श्वास धरून. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "मावशी, अजून नऊ आठवडे आहेत, होईल तोपर्यंत. आईला सांगितलंस तर मी परत तुझ्याकडे येणार नाही."

मी वचन दिलं. आज मोडतेय. ती खरंच यायची नाही, आणि माझ्या शनिवारच्या दुपारी पुन्हा पहिल्यासारख्या होतील. तरी मोडतेय.

तू विचारशील, कुडतं वर करून बघायचं मला कसं सुचलं. तेच सांगायला इतके दिवस लावले.

तू सतराव्या वर्षी टेकलीस. सर तुझं नाव घेऊन घेऊन मला खायचे. ताई बघ, ताई बघ. जेवतानासुद्धा. तेव्हा मात्र ते बाबा नसायचे. माझं सतरावं संपायला सात आठवडे उरले होते आणि मी कुठे होते माहीत आहे? उभीवर. नऊ इंच. एका संध्याकाळी हॉल रिकामा होता. मी ओला बोळा घेतला, माझ्या नावापुढचं "उभी" पुसलं आणि "निजलेली" लिहिलं. आडवीसुद्धा नाही, सरळ निजलेली. दुसऱ्या दिवशी सरांनी फळा वाचला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. हॉलमध्ये, सर असताना. असं त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं. त्यानंतर मी कसं सांगणार होते?

मला वाटलं, होईल त्या दिवसापर्यंत. चिमीचे तेच शब्द आहेत, जसेच्या तसे. रोज कुडतं नीट पसरून बसायचे. स्टेजवर चढतानाही मला वाटत होतं की ऐन वेळी मी तुझ्या कानात सांगेन. मग पाहुणे, फुलं, फोटोवाला, आणि सर पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघताहेत. मी हात वर केले.

तू तीन इंच समजून वीट काढलीस. मी नऊ इंचांवरून पडले.

हे कुणालाही माहीत नाही. डॉक्टरांना नाही, आईला नाही. बत्तीस वर्षं मी सगळा राग तुझ्या खात्यावर टाकला, कारण तो तिथे टाकायला सोपा होता. आता वाचलंस. आता चिमीला स्टेजवरून उतरव. तिला रागावू नकोस, मारू नकोस. फळ्यावर खोटं लिहावं असं एखाद्या पोरीला का वाटतं, ते आधी स्वतःला विचार आणि मग सरांना.

— धाकटी

१७ ऑक्टोबर

ताई,

आजवर तू मला लांबलचक गोड पत्रं लिहिलीस. या वेळी एक अख्खा कागद आणि त्यावर दोन ओळी.

"हाताला कळलं होतं की ती उभी आहे. सर बघत होते."

मी हे बसमध्ये, शेवटच्या थांब्यावर वाचलं. मग सगळे प्रवासी चढून बसले, घंटा वाजली, आणि मी तशीच बसून राहिले. मागून एक म्हातारे ओरडले, "अहो बाई, निघताय की झोपलात?"

तुला कळलं होतं. तुझा हात विटेवर होता. तुला कळलं की खाली नऊ इंच हवा आहे आणि वर तुझी बहीण आहे. आणि तू काढलीस.

मी मूर्ख. गेल्या पत्रात मी जवळजवळ तुझी माफी मागितली होती. ते शब्द परत घेते. एकूण एक परत घेते. मी खोटं लिहिलं, मान्य. सतरा वर्षांची, वेडी, हावरी होते. पण तू वीस वर्षांची होतीस आणि तुझ्या हातात वीट होती. हात मागे घ्यायचा होता. खोकायचं होतं. चक्कर आल्याचं नाटक करायचं होतं, तुला ते छान जमतं. काहीही करायचं होतं.

आणि यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट सांगू? तू कुणाला सांगितलं नाहीस. सर म्हणाले "हिने मांडी सोडली नाही", तेव्हा तू म्हणू शकली असतीस की हिनेच फळ्यावर खोटं लिहिलंय. तू गप्प बसलीस. तुझं झाकलं गेलं आणि माझंही. मे महिन्यापासून मी पत्रांतून तुला शिव्या देत राहिले आणि तू तिथे त्या वाचत राहिलीस. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुझ्या थोबाडीत द्यायची, हे मला दोन दिवसांत ठरवता आलेलं नाही.

चिमीचं काय ठरवलंस? त्याबद्दल त्या दोन ओळींत एक अक्षर नाही. सर या वेळीही बघणार आहेत, ताई. पहिल्या रांगेतच बसणार आहेत.

मी येतेय. बोलावलं नाहीस तरी येतेय.

— धाकटी

१६ नोव्हेंबर

ताई,

कार्यक्रमानंतर तू मला थांब म्हणालीस आणि मी थांबले नाही. साडेपाचची फेरी होती हे कारण खरं होतं, पण बदली ड्रायव्हर मिळाला असता. मला तुझ्याशी त्या गर्दीत बोलायचं नव्हतं. तू रडली असतीस.

मी तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेच्या खुर्चीवर होते. चिमी स्टेजवर आली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. साहजिक आहे, तिची वीट मला माहीत होती. बसली, कुडतं पसरलं, हात वर केले. मागे तो फोटो. खाली ती. तू तिच्या मागे गुडघ्यावर बसलीस आणि कुडत्याखाली हात घातलास. सरांनी हनुवटी हलवली. तीच हनुवटी, ताई, तस्सीच हलली. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. मी ओरडणार होते. एवढा भरलेला हॉल, आणि बत्तीस वर्षांनी पुन्हा मीच ओरडणार.

तू हात बाहेर काढलास. रिकामा. मग तू तिच्या कुडत्याचा मागचा घोळ उचललास आणि तिच्या कमरेला खोचलास. सगळ्यांना वीट दिसली. आडवी. कुणाला काय चाललंय ते कळेना. तू म्हणालीस, "सहा इंच बाकी आहेत. सावकाश होतील." आवाज चिरकला तुझा, पण ऐकू गेलं. चिमीचे हात खाली आले. तिने तोंड झाकलं, आणि मग तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

सर उभे राहिले. काठी न घेता. म्हणाले, "फळ्यावर निजलेली लिहिलंय." तू म्हणालीस, "फळ्यावर खोटं लिहिलंय, सर. आपल्याला खोटंच वाचायला आवडतं."

एवढं तुझ्याकडून कधी अपेक्षित नव्हतं. टाळ्या वाजवाव्यात असं वाटलं, पण राग आड आला.

मग सरांनी फोटोकडे बोट केलं. "मग ती? ती कशी हसत बसली?" त्यांना खरंच माहीत नव्हतं की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही. तू माझ्याकडे बघितलंस. उत्तर माझ्यासाठी ठेवलंस, हे मला कळलं.

मी पुढे गेले. चालताना उजवा पाय ओढतो, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मी हसत नव्हते, बाबा. ओरडत होते. माझ्याखाली उभी वीट होती. मीच खोटं लिहिलं होतं, आणि तुम्ही बघत होतात."

हॉलमध्ये मी त्यांना बाबा म्हटलं. मला वाटलं ते नेहमीसारखे म्हणतील, इथे सर म्हणायचं. त्यांनी हाताने खुर्ची चाचपली. खाली बसले. फोटोकडे बघत राहिले, तोंड थोडं उघडं. मग मला विचारलं, "पाय आता कसा आहे?" बत्तीस वर्षांनी. मी म्हटलं, "दुखतो." आणि साडेपाचच्या फेरीला निघून आले.

तेव्हापासून घरात फिरता फिरता मी त्यांच्यावर चिडतेय. पाय आता कसा आहे म्हणे. हा प्रश्न त्या दिवशी विचारला असता तर काय बिघडलं असतं? तुझ्यावरही चिडतेय. एक चांगलं काम केलंस म्हणून दुसरं धुऊन निघत नाही. मला वेळ लागेल. किती ते सांगता येत नाही, आणि या वेळी मागून कुणी खेचलेलं चालणार नाही.

काल दुपारी दारावर टकटक झाली. चिमी. आत येईना. म्हणाली, "मी तुझ्यावर रागावलेली आहे." मी म्हटलं, "बरोबर आहे. आत येऊन रागाव." आली. तुझ्याकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो घेऊन आली होती, चौकटीसकट. भिंतीवर आता चौकोनी पांढरा डाग राहिलाय म्हणाली. राहू दे. तिथे दुसरं काही टांगू नकोस.

मग आम्ही दोघींनी टाचा सरकवल्या. तिच्या पाच झाल्या, माझ्या अकरा. तिला म्हटलं, धर, सोडू नकोस. ती म्हणाली, आजोबा उलटं सांगतात. आम्ही दोघी हसलो. फोटो काढला असता तर कळलं असतं, मी हसताना कशी दिसते ते.

तिने एक निरोपही आणला. तू फळा पुसून काढलास, सगळाच्या सगळा, आणि प्रत्येकाला बोलावून, वाकून बघून, नव्याने लिहितेयस. आणि माझं नाव शेवटी लिहून पुढची जागा मोकळी ठेवलीयस. मी ते येऊन लिहावं म्हणून.

इतक्यात येणार नाही. तूच लिही. पण एक दुरुस्ती. जुलैत तुला ऐटीत कळवलं होतं की मी आडवीवर आले. नाही आले. सहा महिने रोज करतेय आणि अजून नऊ इंचांवरच आहे. हात सोडून बसता येतं, एवढंच. तेव्हा माझ्या नावापुढे उभी लिही. पुसायची वेळ आली की मी स्वतः येईन.

— धाकटी